तिसऱ्या मजल्यावरचं रोम

रोममध्ये स्वस्तात राहायचं म्हटलं, की शोध बहुतेक वेळा तेर्मिनी स्टेशनाभोवती येऊन थांबतो. स्टेशनाच्या उत्तरेला व्हिया मार्साला, व्हिया माजेन्ता, व्हिया पालेस्त्रो, व्हिया मिलात्सो असे रस्ते आहेत आणि त्या रस्त्यांवर एक-दोन ताऱ्यांची लहान लहान हॉटेलं दाटीवाटीने आहेत. अनुभवी मंडळी नवख्याला हमखास सांगतात, ‘स्टेशनाजवळ उतरू नकोस, तो भाग बरा नाही.’ या सल्ल्यात थोडं तथ्य आहे. पण तो ऐकून शहराबाहेरच्या हमरस्त्यालगत, एखाद्या मोठ्या आणि कुठल्याही देशात शोभेल अशा हॉटेलात जाऊन राहणारा माणूस रोमचा एक अख्खा काळ गमावतो. कमी पैशांत रोम पाहायचं असेल, तर तेर्मिनीजवळची साधी खोली नाइलाज म्हणून नाही, आपण होऊन निवडावी.

बाहेरून पाहिलं तर हॉटेल दिसतच नाही. पत्त्यावर पोचलं, की समोर चार-पाच मजल्यांची, पिवळसर किंवा विटकरी रंगाची भक्कम इमारत असते आणि दोन माणसांच्या उंचीचा लाकडी दरवाजा. दरवाज्याशेजारी घंटीच्या बटणांची पितळी पाटी. त्यावर एखादा वकील, एखादा दंतवैद्य, दोन-चार कुटुंबांची आडनावं आणि त्यांच्यातच दोन-तीन हॉटेलांची नावं. एक हॉटेल दुसऱ्या मजल्यावर, दुसरं तिसऱ्यावर, कधी कधी एकाच मजल्यावर समोरासमोर दोन. बटण दाबलं, की दार खट्‌कन उघडतं, आत थंडगार, काहीसा अंधारा बोळ लागतो, त्यापलीकडे चौक आणि चौकाला वळसा घालून वर जाणारा दगडी जिना. लिफ्ट असलीच तर ती जिन्याच्या मधल्या पोकळीत मागाहून बसवलेली, जाळीच्या पिंजऱ्यातली. तिच्यात दोन माणसं आणि एक बॅग मावली तरी पुष्कळ. बाहेरचं जाळीचं दार आणि आतली लाकडी झडप, दोन्ही नीट लावल्याशिवाय ती जागची हलत नाही. वर आलेला पाहुणा झडप उघडी टाकून गेला, तर खालचे सगळे ताटकळत बसतात.

ही हॉटेलं अशी घराच्या पोटात का आहेत, याचं उत्तर १८७० सालात आहे. त्या वर्षी २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने पोर्ता पिया या वेशीजवळ रोमच्या तटाला भगदाड पाडलं, पोपची राजसत्ता संपली आणि पुढच्याच वर्षी रोम संयुक्त इटलीची राजधानी झालं. शहराची लोकसंख्या तेव्हा अडीच लाखांच्याही आत होती. तटाच्या आतली बरीचशी जमीन म्हणजे द्राक्षमळे, बागा आणि सरदार-कार्डिनलांच्या वाड्या. या शहरात एकाएकी मंत्रालयं आली, कचेऱ्या आल्या आणि उत्तरेकडच्या तोरिनो-फ्लोरेन्समधून हजारो कारकून, अधिकारी आपापली कुटुंबं घेऊन आले. त्यांना घरं हवी होती. म्हणून एस्क्विलिनो आणि कास्त्रो प्रेतोरिओ हे नवे भाग काटकोनात आखले गेले. तेर्मिनीच्या जागेवर पोप पाचव्या सिक्स्टसने वसवलेली मोंताल्तोची बाग होती. रेल्वे आणि नव्या वसाहतीने ती गिळली.

आज ज्या खोलीत पर्यटक झोपतो, ती खोली अशाच एका सरकारी नोकरदाराच्या घराचा तुकडा आहे. म्हणूनच ती रुंदीला लहान आणि उंचीला अवाढव्य वाटते. छत बारा-तेरा फुटांवर, छताच्या कडेची चुन्याची नक्षी एका भिंतीपाशी मध्येच तुटलेली, कारण ती भिंत नंतर घातलेली. मोठी घरं सांभाळणं जड झालं, तेव्हा अनेक कुटुंबांनी खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आणि त्यातून ‘पेन्सिओने’ म्हणजे घरगुती खाणावळ-वजा-निवास उभे राहिले. १९८३ च्या पर्यटन कायद्याने सगळ्यांना एक ते पाच ताऱ्यांच्या हिशेबात बसवलं, तरी जुन्या पाट्यांवर तो शब्द अजून दिसतो.

रस्त्यांची नावंही त्याच काळाने दिली. पालेस्त्रो, माजेन्ता, सोल्फेरिनो, मोंतेबेल्लो या १८५९ साली ऑस्ट्रियाविरुद्ध झालेल्या लढाया. मार्साला हे सिसिलीचं बंदर, जिथे १८६० च्या मे महिन्यात गॅरिबाल्डी आपल्या हजार स्वयंसेवकांसह उतरला. मिलात्सो आणि व्होल्तुर्नो या त्याच मोहिमेतल्या पुढच्या लढाया. सोल्फेरिनोच्या रणांगणावर जखमींचे हाल पाहून आंरी द्युनां हादरला आणि त्यातूनच पुढे रेडक्रॉस जन्माला आली. मराठी वाचकाला ही नावं अगदी परकी नाहीत. इटलीच्या याच लढ्यातल्या मॅझिनीच्या लेखनाचा सावरकरांनी लंडनमध्ये केलेला मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि गॅरिबाल्डी-मॅझिनी ही जोडी त्या पिढीच्या तोंडी होती. कलोसियम पाहायला आलेला माणूस या रस्त्यांवरून चाकांची बॅग ओढत जातो, तेव्हा तो इटलीच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या नकाशावरून चाललेला असतो. हे कुठल्याही सहलीच्या कार्यक्रमात नसतं.

काउंटरवर पहिली गोष्ट मागितली जाते ती पासपोर्ट. पुष्कळांना हे खटकतं, पण हा कायदा आहे. १९३१ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याच्या १०९व्या कलमानुसार प्रत्येक हॉटेलाला आलेल्या पाहुण्याची माहिती चोवीस तासांत पोलिसांना कळवावी लागते. आता हे काम संगणकावर होतं, त्यामुळे पासपोर्ट पाच मिनिटांत परत मिळतो. भारतीय प्रवाशाच्या दृष्टीने ही नोंद सोयीचीच, कारण दुसऱ्या शेंगेन देशातून इटलीत येणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाने आपण देशात असल्याचं कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत कळवायचं असतं आणि हॉटेलच्या नोंदीने ते काम परस्पर होतं.

रोममध्ये पाहुण्याची चौकशी ही तशी जुनीच रीत आहे. फ्रेंच निबंधकार माँतेन १५८० च्या नोव्हेंबरअखेर इथे आला आणि पहिले दोन दिवस तिबेर नदीजवळच्या ‘ओर्सो’ नावाच्या खानावळीत उतरला, ती इमारत अजून उभी आहे. वेशीवर त्याच्याजवळची सगळी पुस्तकं तपासणीसाठी ठेवून घेतली गेली होती. दोनशे वर्षांनी गटे आला. जर्मन साहित्यात तोवर त्याचं नाव गाजलं होतं, म्हणून तो फिलिप म्योलर हे खोटं नाव आणि चित्रकाराचा पेशा सांगून आला, आणि व्हिया देल कोर्सोवरच्या एका घरात चित्रकार मित्रांबरोबर खोली घेऊन राहिला. चर्चच्या रहिवासी नोंदीत तो ‘फिलिप्पो मिल्लर, चित्रकार’ म्हणूनच आहे. आजच्या काउंटरवर ही सोय उरलेली नाही.

पासपोर्टनंतर येतो तो शहराचा कर. रोमने हा कर २०११ पासून लावला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात वाढवला. एक ताऱ्याच्या हॉटेलात माणशी रात्रीला ४ युरो, दोन ताऱ्यांत ५, तीन ताऱ्यांत ६, आणि पंचतारांकित हॉटेलात १०. दहा वर्षांखालच्या मुलांना माफी आहे आणि सलग दहा रात्रींपर्यंतच तो घेतला जातो. आरक्षणाच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो. दोघं जण चार रात्री राहिले, तर दोन ताऱ्यांच्या हॉटेलातही ४० युरो होतात, तेव्हा स्वस्त खोलीचा हिशेब करताना ही रक्कम आधीच मिळवून धरावी. शिवाय २०२५ पासून इटलीत प्रत्येक हॉटेलाला आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराला एक राष्ट्रीय ओळख क्रमांक घ्यावा लागतो. तो जाहिरातीत आणि दारावर, दोन्ही ठिकाणी हवा. ज्या जाहिरातीत तो नाही, तिथे पैसे भरू नयेत.

आता खोली. एका माणसाच्या खोलीला किमान ८ चौरस मीटर आणि दोघांच्या खोलीला १४, म्हणजे साधारण ८६ आणि १५० चौरस फूट, हे माप इटलीत सरकारी नियमांनी ठरवलेलं आहे. पुढे जुन्या, कमी ताऱ्यांच्या हॉटेलांना त्यात काही सूट मिळाली, त्यामुळे पलंग आणि कपाट यांच्यातून कडेकडेने चालावं लागलं तर नवल वाटू नये. एक पलंग, एक खुर्ची, एक लहान टेबल, भिंतीवर हीटर. चहाची किटली नाही, फ्रिज नाही. भारतातला मोठा तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटात जात नाही, पण मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग सहसा बसतो.

हीटरबद्दल दरवर्षी पाहुणे तक्रार करतात. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री गारठा पडतो आणि हीटर हाताला गार लागतो. मालक कंजूष आहे असा समज होतो. पण अशा राहत्या इमारतींची सामायिक उष्णता कधी आणि किती तास चालू ठेवायची, हे इटलीत १९९३ च्या सरकारी नियमांनी हवामानाच्या पट्ट्यांनुसार ठरवलं आहे. रोम ‘ड’ पट्ट्यात येतं. एरवीच्या वर्षी तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. अशा वेळी जास्तीचं ब्लँकेट मागून घ्यावं, ते मिळतं.

न्हाणीघर एवढंसं असलं, तरी त्यात एक गोष्ट मराठी पाहुण्याला सुखावणारी असते. ती म्हणजे बिदे. युरोपात फिरणाऱ्या आपल्या लोकांची कागदाशी जी झटापट चाललेली असते, ती इटलीत पोचल्यावर थांबते. १९७५ च्या जुलैमधल्या सरकारी आदेशानुसार प्रत्येक घरातल्या किमान एका न्हाणीघरात पाण्याने धुण्यासाठीचं हे बसकं भांडं असायलाच हवं, आणि साध्या हॉटेलांतही ते बहुतेक ठिकाणी आढळतं. शॉवरच्या शेजारी छतापासून लोंबणारी दोरी मात्र ओढू नये. ती दिव्याची नाही. आंघोळ करताना कुणी घसरून पडलं तर मदत मागण्यासाठी ती असते आणि ओढली, की काउंटरवर घंटा वाजते.

न्याहारी हॉटेलात न घेणंच शहाणपणाचं. छोट्या हॉटेलांतली न्याहारी म्हणजे बहुधा प्लास्टिकच्या पाकिटातला गोड पाव आणि यंत्रातली कॉफी. त्याच इमारतीच्या खाली किंवा समोरच्या कोपऱ्यावर एखादा बार असतोच. बार म्हणजे इथे कॉफीचं दुकान. गल्ल्यावर आधी पैसे द्यायचे, पावती काउंटरवर ठेवायची आणि उभ्या उभ्या कॅपुचिनो आणि कोर्नेत्तो घ्यायचा. तीन युरोंच्या आसपास काम होतं. तेच टेबलावर बसून घेतलं, तर पुष्कळ ठिकाणी दर वेगळा लागतो. सकाळी आठच्या सुमाराला तिथे रेल्वेचे कर्मचारी, सरकारी कचेरीत निघालेले लोक, बांगलादेशी दुकानदार, सगळे एकाच काउंटरला टेकून कॉफी पीत असतात. शहराशी खरी गाठ पडते ती इथे.

पाण्याची बाटली विकत घेण्याचं तर कारणच नाही. रोमच्या रस्त्यांवर ‘नासोने’ नावाचे बिडाचे नळ आहेत, पहिले १८७४ साली बसले आणि आज त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात आहे. पाणी अखंड वाहतं, थंड आणि पिण्याजोगं असतं. वाकड्या तोटीचं तोंड बोटाने दाबलं, की वरच्या छिद्रातून कारंजासारखी धार उडते आणि भांड्याशिवाय पाणी पिता येतं. उन्हाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये खोलीत विजेचा पंखा आणि बाहेर पस्तीस अंशांचं ऊन असतं, तेव्हा या नळांचं मोल कळतं.

शाकाहारी माणसाचे रोममध्ये हाल होत नाहीत. तव्यासारख्या लांब साच्यात भाजलेला, कात्रीने कापून वजनावर विकला जाणारा पिझ्झा इथे जागोजागी मिळतो आणि बटाटा, झुकिनी, टोमॅटो असे साधे प्रकार त्यात असतातच. भाताचा तळलेला गोळा ‘सुप्ली’ दिसायला निरुपद्रवी असला, तरी त्यात बहुधा मांसाचा रस्सा असतो, विचारून घ्यावं. काटेकोर शाकाहारी लोकांनी हेही लक्षात ठेवावं, की रोमच्या पास्त्यावर पडणाऱ्या पेकोरिनो चीजसाठी कोकराच्या जठरातलं विरजण वापरतात. ज्यांना चार दिवसांनी आपल्या चवीची आठवण होते, त्यांनी स्टेशनाच्या दक्षिणेकडच्या एस्क्विलिनो बाजारात जावं. जुन्या लष्करी बराकींत २००१ मध्ये हलवलेल्या या बाजारात कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या, डाळी, सगळं असतं. त्याआधी हा बाजार शेजारच्या पियात्सा व्हित्तोरिओच्या उघड्या चौकात भरायचा. दे सिकाच्या १९४८ सालच्या ‘बायसिकल थीव्ज’ या चित्रपटात बाप आणि मुलगा चोरीला गेलेली सायकल शोधत फिरतात, तो बाजार हाच. हा कमानींनी वेढलेला चौक सेंट पीटरच्या चौकाहूनही मोठा आहे. आज तिथल्या बाकांवर चिनी आजीबाई, बांगलादेशी मुलं आणि म्हातारे रोमन शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

आणि आता मुख्य मुद्दा. खोलीत जे नाही, ते दाराबाहेर पायी अंतरावर आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट.

स्टेशनासमोर उघड्यावर जो ओबडधोबड दगडांचा तट उभा आहे, तो ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला, गॉल टोळ्यांनी रोम लुटल्यानंतर बांधलेला. त्याचे काही तुकडे स्टेशनाच्या तळघरातल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांमध्येही आहेत. रस्ता ओलांडला, की डायोक्लेशियन सम्राटाची स्नानगृहं लागतात. इ. स. ३०६ च्या सुमारास ती पूर्ण झाली, सुमारे तेरा हेक्टरांवर पसरलेली होती आणि स्टेशनाला नाव मिळालं तेही त्यांच्यावरूनच. १५६१ मध्ये पोप चौथ्या पायसने या पडक्या स्नानगृहाचं चर्च करायचं ठरवलं आणि काम सोपवलं मायकेलअँजेलोवर. तो तेव्हा शहाऐंशी वर्षांचा होता. त्याने पाडापाड केली नाही. थंड पाण्याच्या दालनाच्या छताखालीच सांता मारिया देल्यी आंजेली हे चर्च बसवलं. बाहेरून पाहणाऱ्याला उघड्या विटांची वाकडी भिंत दिसते, आत पाऊल टाकलं, की माणूस अवाक होतो. सतराशे वर्षांपूर्वीचे लाल ग्रॅनाइटचे आठ अखंड खांब जागच्या जागी उभे आहेत. एवढ्या मोठ्या रोमन दालनाची मूळ उंची आणि पसारा छतासकट अनुभवता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत.

याच चर्चच्या फरशीवर पितळेची एक लांब तिरपी रेघ आहे. १७०२ मध्ये फ्रांचेस्को बियांकिनी या खगोलशास्त्रज्ञाने ती आखली. वर भिंतीत एक बारीक भोक आहे. सूर्य माथ्यावर आला, की त्यातून आलेला कवडसा बरोबर या रेघेवरून सरकतो. वर्षाच्या दिवसांप्रमाणे त्याची जागा बदलते आणि रेघेच्या कडेला राशींची चित्रं कोरलेली आहेत. ढग नसतील त्या दिवशी घड्याळात बारा वाजून गेल्यावर थोडा वेळ तिथे थांबावं. उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, तेव्हा एकच्या पुढे. प्रवेश विनामूल्य आहे.

तिथून पाच-सहा मिनिटांवर सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया. लहानसं चर्च, पण आत बेर्निनीचं संत तेरेसाचं शिल्प. आणखी थोडं पुढे पोर्ता पिया, जिथे या सगळ्या वस्तीची गोष्ट सुरू झाली. दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांवर सांता मारिया माज्जोरे, पाचव्या शतकातल्या मोझेकचं चर्च. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांचं दफन इथेच झालं. त्या चर्चच्या जवळच्याच गल्लीत सांता प्रासेदे हे दुसरं चर्च आहे. तिथल्या नवव्या शतकातल्या सोनेरी मोझेकसमोर सकाळी लवकर गेलं, तर बहुधा दुसरं कुणीही नसतं.

या भागात राहण्याचे तोटे झाकण्यात अर्थ नाही. स्टेशनात आणि मेट्रोत खिसेकापू आहेत, पासपोर्ट आतल्या खिशातच हवा. तिकीट-यंत्रापाशी किंवा बॅग उचलायला आपण होऊन मदतीला येणाऱ्याला नम्रपणे नको म्हणावं. रात्री उशिरा स्टेशनाच्या कडेने बेघर माणसं झोपलेली असतात. ते दृश्य मनाला लागतं, पण त्यांच्यापासून कुणाला धोका असतो असं नाही. रस्त्याकडच्या खोलीत पहाटे कचऱ्याच्या गाडीने झोप मोडते, म्हणून आरक्षण करतानाच आतल्या चौकाकडची खोली मागावी. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्ट आहे का, आणि ती थेट हॉटेलच्या मजल्यापर्यंत जाते का, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. याहून शांत जागा हवी असेल, तर जोगिणींच्या मठांतली अतिथिगृहंही रोममध्ये आहेत. स्वच्छ आणि स्वस्त असतात, मात्र त्यांतल्या अनेकांत रात्री ठरावीक वेळेआधी परतावं लागतं.

विमानतळाची सोय हा शेवटचा हिशेब. फ्युमिचिनोहून लिओनार्दो एक्सप्रेस न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनीला येते, तिकीट १४ युरो. मेट्रोच्या ‘अ’ आणि ‘ब’ मार्गिका इथेच एकमेकींना छेदतात. ‘ब’ने कलोसियम दुसरं स्टेशन, ‘अ’ने व्हॅटिकनसाठीचं ओत्ताव्हियानो सहावं. दीड युरोच्या तिकिटावर शंभर मिनिटं बस-ट्रॅम आणि एक मेट्रोप्रवास करता येतो. शहराबाहेर उतरलेल्याचे रोजचे दोन-दोन तास ज्या येण्याजाण्यात जातात, ते इथे वाचतात.

वाचलेल्या वेळेचा आणि पैशांचा काही भाग स्टेशनासमोरच्या पालात्सो मास्सिमो संग्रहालयाच्या तिकिटासाठी जरूर ठेवावा. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिच्या घरातल्या भिंतींवरची रंगवलेली बाग तिथे एका खोलीत चारही बाजूंनी मांडलेली आहे. डाळिंबं, इतर फळं, पक्षी, सगळं दोन हजार वर्षांपूर्वीचं. आणि खालच्या मजल्यावर बसलेला आहे तो ब्राँझचा मुष्टियोद्धा, नाक मोडलेला, कानांवर वळ उठलेला, मान वळवून वर पाहणारा. १८८५ मध्ये नव्या राजधानीचं बांधकाम चालू असताना क्विरिनाल टेकडीच्या उतारावर तो सापडला. व्हॅटिकनच्या रांगेत तीन तास उभे राहिलेले बहुतेक पर्यटक त्याला न पाहताच रोम सोडतात. तेर्मिनीजवळ राहणाऱ्याने तरी तसं करू नये.